रिपोर्ट नॉर्मल, मधुमेह मात्र आहे

उपाशीपोटी केलेल्या तपासणीत साखर नॉर्मल आली की आपण निर्धास्त होतो. ग्रीनलंडमधल्या काही इन्युइट (तिथले मूळ रहिवासी) लोकांसाठी हा दिलासा फसवा असतो. त्याचं कारण २०१४ साली सापडलं: टीबीसी१डी४ या जनुकातला एक बदल.

जेवणानंतर इन्सुलिन वाढलं की स्नायूंच्या पेशी ग्लुकोजची वाहक प्रथिनं पृष्ठभागावर आणतात आणि साखर आत ओढून घेतात. या बदलामुळे स्नायूंमधलं हे काम अडतं. आईवडील दोघांकडूनही हा बदल मिळालेल्यांना टाइप २ मधुमेहाची शक्यता सुमारे दहापट असते. तरीही त्यांची उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसत नाही, उलट किंचित कमीच असते. ग्लुकोज पाजून दोन तासांनी मोजली, तर ती इतरांपेक्षा सरासरी ६८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने जास्त भरते. म्हणजे दोन तास थांबून दुसऱ्यांदा रक्त घेतलंच नाही, तर आजार निसटतो.

ग्रीनलंडमध्ये या जनुकाच्या दर शंभर प्रतींपैकी १७ प्रतींत हा बदल आहे, युरोपात तो जवळजवळ नाहीच. त्यामुळे युरोपातली लाखो माणसं तपासूनही तो हाती लागला नसता. ग्रीनलंडचे अडीच हजार लोक पुरले. २०१६ च्या एका आढाव्यानुसार अशा जनुकीय अभ्यासांतले ८१ टक्के सहभागी युरोपीय वंशाचे होते. मला हा आकडा फार अस्वस्थ करतो, कारण तपासण्यांचे निकष आणि जनुकांवरून धोका वर्तवणारी गणितं याच माहितीवर उभी राहतात.

मधुमेहासाठीच्या एचबीएवनसी तपासणीचंच पाहा. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे ही तपासणी मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगते, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. जी६पीडी जनुकातल्या एका बदलामुळे पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच कमी मिळतो. हा बदल आफ्रिकी वंशाच्या लोकांत बराच आढळतो, कारण तो मलेरियापासून काहीसं संरक्षण देतो. २०१७ च्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की तो असलेल्या पुरुषांचं एचबीएवनसी सुमारे ०.८ टक्के-अंकांनी कमी येतं. रक्तातली साखर कमी नसतानाही! मधुमेहाच्या निदानाची रेषा ६.५ टक्क्यांवर आहे, हे लक्षात घेतलं की एवढ्याशा फरकाचं वजन कळतं.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर वेगळंच कोडं आहे. तिथल्या जवळपास निम्म्या लोकांत सीआरईबीआरएफ जनुकातला एक बदल असतो, जो पॅसिफिक बेटांबाहेर अतिशय दुर्मीळ आहे. त्याने बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन) वाढतो, पण मधुमेहाचा धोका घटतो.

यावरून कुणी वंशानुसार तक्ते बनवू लागला, तर तीही चूकच. ग्रीनलंडमध्येसुद्धा बदलाच्या दोन्ही प्रती असणारे चार टक्क्यांच्या आसपास आहेत. म्हणून समोरच्या माणसात तो आहे का, हे पाहावं लागतं. जनुकीय चाचणी हाताशी नसेल, तरी ग्लुकोज पाजून केलेली तपासणी करता येते. घरच्या मीटरवरची साखर आणि एचबीएवनसी यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टर फ्रुक्टोसअमाइनची (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरेची) तपासणी सांगू शकतात. ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून नसते.