पार्श्वभूमी : हिल सायफरची बळकटी आणि ‘स्वव्यस्त’ किल्लीचा घोळ

ठाणे-नवी मुंबईतल्या अभियांत्रिकीच्या वर्गांत हिल सायफर (अक्षरांचे आकडे करून ते मॅट्रिक्सने, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडणीने, गुणून मजकूर गुप्त करण्याची पद्धत; ते मॅट्रिक्स म्हणजेच किल्ली) फळ्यावर एका तासात उरकला जातो आणि पुढे प्रकल्पासाठी विषय शोधताना तोच ‘सुधारित’ हे विशेषण लावून परत येतो. ही पद्धत १९२९ साली अमेरिकेतील एका गणिती मासिकात मांडली गेली; १९३२ मध्ये ६ × ६ मॅट्रिक्सचा गुणाकार दातेरी चाकांनी करणाऱ्या यंत्राला पेटंटही मिळाले. तिची मेख मात्र जुनीच आहे. २ × २ किल्ली असेल, तर मूळ आणि कूट मजकुरातल्या दोन-अक्षरी गटांच्या दोन योग्य जोड्या हाती लागताच रेषीय समीकरणे सोडवून किल्ली निघते.

सुधारणांच्या चर्चेत सर्वाधिक घोळ घातला तो ‘स्वव्यस्त’ या शब्दाने. जे मॅट्रिक्स स्वतःच स्वतःचे व्यस्त (गुणाकार उलटवून मूळ आकडे परत देणारे मॅट्रिक्स) असते, ते किल्ली म्हणून घेतले की उलगडताना व्यस्त काढावे लागत नाही. पद्धत मांडणाऱ्या हिल यांचाही कल अशाच किल्ल्यांकडे होता, पण ती सोय होती; २००० नंतरच्या काही निबंधांत हीच सोय सुधारणा म्हणून मिरवली गेली. २६ अक्षरांवरील ४,५६,९७६ संभाव्य २ × २ मॅट्रिक्सपैकी १,५७,२४८ मॅट्रिक्सना व्यस्त असते आणि त्यांतली स्वव्यस्त अवघी ७३६. किल्ल्यांची संख्या दोनशे पटींहून अधिक घटवणाऱ्या निर्णयाला बळकटी म्हणणे धाडसाचेच. उदाहरणार्थ, पहिली ओळ २, ३ आणि दुसरी २५, २४ अशी स्वव्यस्त किल्ली घेऊन ‘ठाणे’च्या रोमन स्पेलिंगमधली टी आणि एच ही पहिली दोन अक्षरे, म्हणजे १९ आणि ७ (ए = ० धरून), गुणली आणि २६ ने भागून बाकी घेतली, तर उत्तर ७ आणि १९ येते : अक्षरांनी केवळ जागा बदलल्या! (हा योगायोग खरा, पण वर्गात दाखवण्याजोगा.)

२००० साली प्रत्येक संदेशागणिक किल्लीच्या ओळी आणि स्तंभ ढवळण्याची योजना आली; तिच्यातही पुढे उणिवा सापडल्या. गुणाकारात एक सदिश, म्हणजे आकड्यांची एक रांग, मिळवण्याच्या योजनेने शून्यांचा गट शून्यच राहण्याचा दोष जातो. तो सदिश कायम ठेवला, तर रेषीयता मात्र जात नाही, कारण दोन संदेशांची वजाबाकी केली की सदिश गळून पडतो. २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या एईएस या आधुनिक कूटपद्धतीमध्ये ४ × ४ मॅट्रिक्स आहे, पण त्याआधी प्रत्येक बाइट अरेषीय तक्त्यातून जातो, आणि किल्ली त्या मॅट्रिक्समध्ये नाहीच. ते सर्वांसमोर छापलेले असते.