‘क्विअर ॲज फोक’: मँचेस्टरची वेगळी, पिट्सबर्गची वेगळी

राजारामपुरीतल्या चहाच्या टपरीवर परवा आमच्यातले दोघं हमरीतुमरीवर आले. एकाचं म्हणणं, ‘क्विअर ॲज फोक’ दहा भागांत संपते. दुसरा म्हणे, “काय सांगतोस भावा, पाच पर्वं हायत की!” भांडण फुकटचं. दोघांनी बघितलेल्या मालिकाच दोन होत्या.

आधीची ब्रिटिश. रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलेली, फेब्रुवारी १९९९ मध्ये ‘चॅनल फोर’वर आलेली. पहिल्या पर्वाचे आठ भाग, २००० मध्ये आणखी दोन, खेळ खलास. नंतरची अमेरिकी, ‘शोटाइम’ वाहिनीची: डिसेंबर २००० ते ऑगस्ट २००५, भाग ८३.

घोळ होतो पहिल्या भागामुळं. दोन्हीकडं तीच रात्र. गे मित्रांचा कंपू क्लबातून बाहेर पडतो, त्यातल्या देखण्या, मस्तवाल गड्याला एक शाळकरी पोरगा भेटतो, आणि त्याच रात्री हा गडी बाप होतो. बाळाची आई त्याची लेस्बियन मैत्रीण. ब्रिटिश मालिकेत गडी स्टुअर्ट, जिवलग दोस्त विन्स, पोरगा नेथन. अमेरिकीत ब्रायन, मायकेल, जस्टिन. जस्टिन १७ वर्षांचा, नेथन तर १५ चाच. तेव्हा ब्रिटनमध्ये समलिंगी पुरुषांसाठी संमतीचं वय १८ होतं, त्यामुळं मोठा गदारोळ झाला. प्रायोजक असलेल्या ‘बेक्स’ बिअरनं अंग काढून घेतलं. आज बघतानाही ते खटकतंच.

ब्रिटिश मालिका मँचेस्टरात घडते. तिथली कॅनल स्ट्रीट, म्हणजे गे बारांची गल्ली, खरी आणि चित्रीकरणही तिथलंच. ‘तुझ्यात जीव रंगला’ मालिकेतल्या राणादाचा वाडा वसगड्यात होता, म्हणून माणसं तो बघायला जात. तसं कॅनल स्ट्रीटला जाता येतं. अमेरिकी मालिकेतलं पिट्सबर्ग मात्र बहुतेक कॅनडातलं टोरोंटो आहे. ब्रायनचा ‘बॅबिलॉन’ क्लब पिट्सबर्गात शोधून सापडायचा नाही.

ब्रिटिश मालिकेचा जीव माझ्या मते नेथनमध्ये नाही, विन्समध्ये आहे. सुपरमार्केटातली नोकरी, ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचं वेड, आणि स्टुअर्टवर वर्षानुवर्षं जडलेला जीव. तो बोलत नाही. स्टुअर्टला सगळं ठाऊक, तोही बोलत नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटी हा बेफिकीर स्टुअर्ट विन्ससमोर त्या मालिकेत डॉक्टरची भूमिका केलेल्या नटांची नावं ओळीनं म्हणून दाखवतो. बस्स, एवढंच. ज्या वेडाची त्यानं टिंगल करावी, त्याची यादी तोंडपाठ! अमेरिकी मालिकेतल्या कुठल्याही लग्नापेक्षा मला हा प्रसंग भारी वाटतो.

अमेरिकेत मायकेलला सुपरहीरोंच्या कॉमिक्सचा नाद, ब्रायनवर तोही फिदा. पण कथा हळूहळू ब्रायन-जस्टिनकडं सरकते. पहिल्या पर्वाच्या अखेरीस शाळेच्या नाचाच्या रात्री जस्टिनवर बॅटनं हल्ला होतो, आणि तिथून ही मालिका आपल्या ब्रिटिश बापाशी नातं तोडते. पुढं एचआयव्हीसह जगणारा प्राध्यापक बेन येतो, कंपूतल्या टेडचं व्यसन येतं, ब्रायनचा कर्करोग, शेवटच्या पर्वात क्लबमध्ये बॉम्बस्फोट. मधे मधे ती सामाजिक प्रश्नांची जंत्री होते, पण मायकेलची आई डेबी पडद्यावर आली की सगळं माफ. ब्रिटिशमध्ये एड्स हा कथेचा विषयच नाही. तो डेव्हिस यांनी पुढं २०२१ मध्ये ‘इट्स अ सिन’मध्ये घेतला.

मायकेल आणि बेन लग्न करतात ते कॅनडातल्या टोरोंटोत. म्हणजे जिथं शूटिंग चाललंय तिथंच! गंमत सोडली, तरी लग्नाला मान्यता असण्या-नसण्याची ती भांडणं इथं बसून बघताना लांबची वाटत नाहीत. आपल्याकडं २०१८ मध्ये ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध सुटले, पण २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. त्या बाबतीत अमेरिकी मालिका विन्स-स्टुअर्टपेक्षा आपल्या जवळ येते, हे मान्य.

वेळ कमी असेल तर मँचेस्टर बघा, एका शनिवार-रविवारी उरकते. रोज रात्री ओळखीची माणसं भेटावीत असं वाटत असेल तर पिट्सबर्ग. जेवताना घरच्यांसमोर मात्र दोन्हीतली कुठलीच लावू नका, पहिल्या भागातच ताटं उचलावी लागतील. आणि पात्रं न्यू ऑर्लिन्समध्ये दिसली तर ती २०२२ ची तिसरी, एका पर्वात बंद पडलेली.