मंगोलांना युरोपात कुरणं कुठवर पुरली असती?

११ एप्रिल १२४१ रोजी हंगेरीत मोहीच्या मैदानावर चंगेझ खानाचा नातू बातू खान आणि त्याचा सेनापती सुबुताई यांच्या घोडदळाने राजा चौथा बेला याच्या सैन्याची धूळधाण उडवली. हिवाळ्यात डॅन्यूब गोठली, तशी तीही ओलांडून मंगोल पश्चिमेला उतरले. आणि १२४२ च्या वसंतात एकाएकी माघारी वळले. वळले नसते तर अटलांटिक गाठला असता का?

माघारीचं ठरलेलं कारण म्हणजे सम्राट ओगोदेईचा डिसेंबर १२४१ मधला मृत्यू. नवा सम्राट निवडायला सगळे परतले, असं सांगतात. पण बातू मंगोलियाला गेलाच नाही, तो व्होल्गाकाठी राहिला. मला अधिक पटतं ते चाऱ्याचं कारण.

मंगोल घोडा ठेंगणा, काटक. दाणा न मागता तो गवतावर जगतो; हिवाळ्यात खुराने बर्फ उकरून खालचं वाळकं गवत खातो. म्हणून या सैन्याला धान्याच्या गाड्या ओढाव्या लागत नसत. मात्र एकेका स्वारामागे तीन-चार घोडे असत, आणि एवढ्या तोंडांना रोज नवं कुरण हवं. हंगेरीचं मैदान हा स्टेप गवताळ पट्ट्याचा पश्चिमेकडचा शेवटचा मोठा तुकडा. त्यापलीकडे जंगलं आणि शेतं.

उल्फ ब्युन्टगेन आणि निकोला दी कॉस्मो या संशोधकांनी २०१६ मध्ये झाडांच्या खोडांतली वलयं तपासली. दरवर्षी एक वलय वाढतं आणि त्याच्या जाडीवरून त्या वर्षीचं हवामान कळतं. आधीचे उन्हाळे उबदार आणि कोरडे होते, १२४२ चा आरंभ मात्र थंड आणि ओला निघाला. मैदानात दलदल झाली, घोड्यांचे हाल झाले, असा त्यांचा निष्कर्ष. काही अभ्यासकांना तो मान्य नाही. हंगेरीतल्या एस्टरगोम शहराच्या बालेकिल्ल्यासारखी दगडी ठाणी पडली नाहीत, याकडे ते बोट दाखवतात. मला यात विरोध दिसत नाही. वेढा लांबला की आसपासचा चारा संपणारच.

सीरियातही हेच घडलं. १२६० मध्ये बातूचा चुलतभाऊ हुलागू बहुतेक फौज घेऊन परतला, आणि मागे राहिलेल्या तुकडीला इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या सैन्याने पॅलेस्टाईनमधल्या ऐन जालूतला हरवलं. दोन वर्षांनी फ्रान्सच्या नवव्या लुईला लिहिलेल्या पत्रात हुलागूनेच चारा संपल्याचं कारण दिलं आहे.

व्हिएन्ना किंवा उत्तर इटलीपर्यंत धाडी त्यांना नक्कीच जमल्या असत्या. ऱ्हाईनच्या काठी कायमचं राज्य मात्र अवघड होतं. १२८५ मध्ये नोगाई आणि तालाबुगा हे मंगोल सरदार पुन्हा हंगेरीत शिरले, तेव्हा बेलाच्या काळात उभे राहिलेले नवे दगडी किल्ले त्यांच्या वाटेत होते. ती स्वारी फसली.