थंडी, प्रवास आणि पाहुणा संघ (फुटबॉल)

उबदार प्रदेशातला संघ लांबचा प्रवास करून गोठवणाऱ्या हवेत परक्या मैदानावर उतरतो, तेव्हा खेळाडूंचे शरीर, चेंडूची गती आणि सामन्याची तयारी या तिन्हींवर एकदम ताण येतो. या परिणामाची सर्वांत ठळक उदाहरणे उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या कॉन्ककॅफ विभागात, विशेषतः विश्वचषक पात्रता सामन्यांत, सापडतात. कॅनडा आणि होंडुरास एकाच गटात खेळतात अशी ही जागा आहे. शिवाय मैदान निवडण्याचा अधिकार यजमान महासंघाचा असतो. त्यामुळे पाहुण्यांना किती थंडी सोसावी लागणार, हे पुष्कळदा महासंघाच्या कार्यालयातच ठरते.

मैदानाची निवड

१४ सप्टेंबर १९८५ रोजी कॅनडा आणि होंडुरास यांच्यात विश्वचषकाच्या पात्रतेचा निर्णायक सामना होता. कॅनडाने त्यासाठी टोरांटो किंवा व्हँकुव्हर न निवडता न्यूफाउंडलंड बेटावरचे सेंट जॉन्स निवडले. हे शहर खंडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिकच्या वाऱ्यात उभे आहे. तेथे होंडुरासच्या समर्थकांनी पोहोचणे अवघड होते आणि सप्टेंबरातही हवा गार होती. किंग जॉर्ज फिफ्थ पार्कच्या छोट्या मैदानावर जॉर्ज पाकोस आणि इगोर व्राब्लिक यांनी गोल केले, कॅनडा २-१ ने जिंकला आणि प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला.

अमेरिकेने हाच विचार २००१ मध्ये केला. मेक्सिकोविरुद्धचा सामना लॉस एंजेलिससारख्या शहरात ठेवला, तर अर्ध्याहून अधिक प्रेक्षक मेक्सिकोचे असत. तो ओहायोतील कोलंबसला, २८ फेब्रुवारीला ठेवला गेला. तापमान शून्याच्या किंचित खाली होते. मेक्सिकोच्या खेळाडूंनी मैदानावर येऊन वॉर्म-अप करण्याचेही टाळले. अमेरिका २-० ने जिंकली आणि या सामन्याला स्पॅनिशमध्ये ‘ला गेरा फ्रिया’, म्हणजे शीतयुद्ध, हे नाव पडले.

पुढची पायरी एडमंटनची. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडाने कोस्टा रिका आणि मेक्सिको यांच्याविरुद्धचे लागोपाठचे दोन्ही सामने याच शहरात ठेवले. १६ नोव्हेंबरला मेक्सिकोसमोर तापमान उणे ९ अंश सेल्सियस होते आणि कडेला बर्फाचे ढीग रचलेले होते. मेक्सिको सिटीतील आस्तेका स्टेडियमवरून एडमंटनच्या मैदानाला ‘आइसटेका’ हे टोपणनाव मिळाले. मध्यंतराच्या तोंडावर अ‍ॅलिस्टर जॉन्स्टनचा दुरून मारलेला फटका गोलरक्षक गिलेर्मो ओचोआच्या हातून सुटला आणि सायल लॅरिनने तो जाळ्यात ढकलला. लॅरिननेच दुसरा गोल केला, कॅनडा २-१ ने जिंकला आणि सॅम अ‍ॅडेकुग्बेने बर्फाच्या ढिगात उडी घेतली.

या निवडीतला प्रवासाचा भाग थंडीइतकाच महत्त्वाचा होता, पण त्याची चर्चा कमी झाली. मेक्सिकोचा संघ चार दिवस आधी सिनसिनाटीत अमेरिकेकडून हरून आला होता. कॅनडाचा संघ त्या चार दिवसांत एडमंटनमधून हललाच नाही.

शरीर आणि चेंडू

स्नायू गार पडला की त्याच्या आकुंचनाचा वेग आणि जोर कमी होतो. झेपावणे, उडी मारणे आणि अचानक दिशा बदलणे या तिन्ही गोष्टी मंदावतात, आणि स्नायू ताणला जाण्याचा धोका वाढतो. सतत धावणाऱ्या मध्यरक्षकाला हा त्रास कमी होतो, कारण तो स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करत असतो. खरी परीक्षा गोलरक्षकाची आणि राखीव खेळाडूंची. बोटांकडचा रक्तपुरवठा शरीर सर्वांत आधी आवरते, आणि गोलरक्षकाचे तर सगळे काम बोटांवर. मध्यंतराची १५ मिनिटेही घातक ठरतात: नुसते बसून राहिल्यास मांडीच्या स्नायूचे तापमान साधारण २ अंशांनी उतरते. म्हणून जाणकार प्रशिक्षक दुसऱ्या सत्राआधी काही मिनिटे पुन्हा हालचाली करून घेतात. थंड, कोरडी हवा श्वासनलिका आकसवते. थंडीत तहान कमी लागते, त्यामुळे खेळाडू पाणी कमी पितात आणि शरीर नकळत कोरडे पडत जाते.

उष्णतेची सवय शरीराला दहा ते चौदा दिवसांत बऱ्यापैकी होते. घाम लवकर येऊ लागतो, रक्ताचे प्रमाण वाढते. थंडीबाबत असे घडत नाही. शरीर थंडीला थोडे सरावते, बोचरेपणा कमी जाणवतो, पण स्नायूंचे काम सुधारत नाही. त्यामुळे थंड देशात वाढलेल्या खेळाडूची सरशी रक्तात नसून सवयीत असते. किती थर घालायचे, हातमोजे कधी काढायचे, वॉर्म-अप किती लांबवायचा, हे त्याला न सांगता कळते.

चेंडूचेही तसेच. खोलीत २० अंशांना, बाहेरच्या हवेपेक्षा ०.८ वातावरण जास्त दाबाने भरलेला चेंडू उणे १६ अंशांत नेला, तर आतली हवा आकुंचन पावून दाब ०.६ च्याही किंचित खाली जातो. नियमांनुसार ०.६ ही किमान मर्यादा आहे. असा चेंडू कमी उसळतो आणि पायाला जड लागतो. म्हणून दाब बाहेरच्या हवेत तपासावा लागतो. शिवाय गार हवा घन असते. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. ढोबळ हिशेब केला, तर उणे ९ अंशांच्या एडमंटनमधली हवा तिथल्या २० अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने घन ठरते. आस्तेकावर सहकाऱ्याच्या पायाशी पडणारा लांब पास एडमंटनमध्ये त्याच जोराने मारला, तर आखूड पडतो.

प्रवास

युरोप किंवा आशियातील लांब दौऱ्यांत घड्याळाचा फरक छळतो. शरीराचे घड्याळ जुळायला दर तासाच्या फरकामागे साधारण एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडचा प्रवास पश्चिमेकडच्यापेक्षा जास्त जड जातो. कॉन्ककॅफमधला प्रवास बहुतांशी दक्षिणोत्तर असतो. तेथे घड्याळ फारसे बदलत नाही, ऋतू मात्र एका विमानप्रवासात बदलतो.

२७ आणि ३० जानेवारी २०२२ रोजी होंडुरासने आपल्या उकाड्याच्या सान पेद्रो सुला शहरात दोन सामने खेळले. २ फेब्रुवारीला त्यांना मिनेसोटातील सेंट पॉलमध्ये खेळायचे होते, जेथे पारा उणे १६ अंशांवर होता. अमेरिकेने त्याच आठवड्यात कोलंबस आणि कॅनडातील हॅमिल्टन येथे थंडीतच सामने खेळले होते. अमेरिकी महासंघाने पाहुण्यांना आणि पंचांना उबदार कपडे पुरवले, मैदानाखाली गवत तापवण्याची सोय होती, तरीही गोलरक्षकासह होंडुरासचे काही खेळाडू थंडीच्या त्रासामुळे मध्यंतरानंतर परतले नाहीत. अमेरिका ३-० ने जिंकली आणि तिन्ही गोल फ्री किक व कॉर्नरवरून आले. उभे राहून चेंडूची वाट पाहायची आणि मग एकदम उडी घ्यायची, हे गारठलेल्या बचावफळीला सर्वांत कठीण जाते. त्या तापमानात सामना ठेवणे खेळाडूंच्या दृष्टीने गैर होते, असेच म्हणावे लागेल. नियमात बसणे आणि योग्य असणे या दोन गोष्टी येथे वेगळ्या पडल्या.

थंडीला किती श्रेय द्यावे

येथे सावध राहायला हवे. कोलंबसमध्ये अमेरिकेने मेक्सिकोला २००१, २००५, २००९ आणि २०१३ अशा चारही पात्रता सामन्यांत २-० नेच हरवले. पण त्यांपैकी २००५ आणि २०१३ चे सामने सप्टेंबरातले, म्हणजे थंडीचा प्रश्नच नव्हता. उलट नोव्हेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोने त्याच मैदानावर २-१ असा विजय मिळवला. सेंट पॉलमध्ये हरलेला होंडुरासचा संघ पात्रतेच्या त्या फेरीत एकही सामना जिंकू शकला नाही आणि १४ सामन्यांत ४ गुणांवर तळाला राहिला. त्याला उन्हातही सगळ्यांनी हरवले. कॅनडा त्याच फेरीत २८ गुणांसह पहिला आला, तो एडमंटनच्या बर्फापुरता नव्हे.

आणखी एक गोष्ट यजमानांच्या बाजूने गृहीत धरली जाते, ती तपासून घ्यावी. कॅनडा आणि अमेरिकेचे अनेक खेळाडू युरोपातल्या क्लबांकडून खेळतात. तेही अटलांटिक ओलांडून, झोपमोड सोसूनच येतात.

परतफेडही होते. २२ मार्च २०१३ रोजी कोलोरॅडोत कोस्टा रिका अमेरिकेकडून हिमवादळात ०-१ ने हरला. मैदानाच्या रेषा दिसेनात म्हणून फावड्यांनी बर्फ बाजूला करावा लागत होता. कोस्टा रिकाची तक्रार फिफाने फेटाळली. सप्टेंबरात सान होसे येथे त्यांनी अमेरिकेला ३-१ ने हरवले. त्याआधी ऑक्टोबर २०१२ मध्ये सान पेद्रो सुलाच्या उन्हात होंडुरासने कॅनडाचा ८-१ असा धुव्वा उडवला होता, आणि तेव्हा कॅनडाला पुढे जाण्यासाठी बरोबरीही पुरली असती.

युरोपातील क्लब

नॉर्वेतील बोडो हे गाव आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला आहे. तेथील बोडो/ग्लिम्ट क्लबने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांच्या इटलीतील रोमा संघाला ६-१ ने हरवले. बातम्यांत थंडी गाजली, पण त्यांच्या कृत्रिम हिरवळीचा आणि सतत दबाव टाकणाऱ्या खेळाचा वाटा मोठा होता. मे २०२५ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅमने तेथेच २-० ने जिंकून दाखवले. कझाकस्तानातील आस्ताना संघ तर छत मिटणाऱ्या स्टेडियममध्ये खेळतो, म्हणजे पाहुण्यांना तेथे थंडी भेटत नाही. भेटतात ते लांबचे विमान, बदललेले घड्याळ आणि कृत्रिम मैदान. २०१५-१६ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये आस्ताना घरच्या मैदानावर एकही सामना हरला नाही, स्पेनच्या अतलेतिको माद्रिदविरुद्धही नाही.

भारतात

भारतीय फुटबॉलमध्ये हा प्रश्न रिअल काश्मीर क्लब २०१८-१९ च्या मोसमात आय-लीग या राष्ट्रीय क्लब स्पर्धेत आल्यावर ठळक झाला. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटर उंचीवर आहे आणि लीगचा मोसम तेव्हा नेमका हिवाळ्यात येत असे. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथील पहिला आय-लीग सामना गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सविरुद्ध झाला आणि गोलशून्य बरोबरीत सुटला. गोव्याच्या दमट किनाऱ्यावरून सरळ उत्तरेला दोन हजार किलोमीटर, घड्याळात शून्य फरक: कॉन्ककॅफमधल्या प्रवासाचेच हे छोटे रूप. स्कॉटलंडचे डेव्हिड रॉबर्टसन प्रशिक्षक असलेला हा नवखा संघ त्या मोसमात तिसरा आला. मात्र थंडीचा फायदा यजमानांना दर वेळी घेता येतोच असे नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बर्फामुळे ईस्ट बंगालविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. तो अखेर दिल्लीत खेळवला गेला आणि काश्मीर हरला.