धर्माचे नाते (खानदेश)

रक्ताचा, सोयरिकीचा किंवा भाऊबंदकीचा संबंध नसताना दोन घरांनी जोडलेले आणि पुढच्या पिढीच्या हाती दिलेले नाते. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत, म्हणजे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झालेल्या जुन्या खानदेशात, धर्मभाऊ, धर्मबहीण, मानलेला मामा, मानलेली आई अशी त्याची रूपे दिसतात. अहिराणीत ‘मानेल भाऊ’, ‘धरमनी बहीण’ असे म्हणतात. ख्रिस्ती घरांतले धर्मपिता आणि धर्ममाता (गॉडफादर, गॉडमदर) हे याच कुळीतले. फक्त तिथे नाते चर्चच्या विधीने लागते, बाकीच्यांत ते येण्याजाण्याने लागते.

सुरुवात बहुधा साधी असते. शेताला शेत लागून असते, एकाच विहिरीवर पाण्याच्या पाळ्या असतात, किंवा बदली होऊन आलेल्या मास्तरांच्या घरी पहिले बाळंतपण निघते आणि समोरची बाई रात्रभर उशाशी बसते. अमळनेर, धुळे, जळगावच्या कापडगिरण्या आणि भुसावळची रेल्वे वसाहत यांनी गावोगावची माणसे एका चाळीत आणली; तिथेही असे घरोबे झाले. एखाद्या वर्षी राखी बांधली जाते किंवा भाऊबीजेला ओवाळले जाते, आणि मग ते चुकवायचे नाही एवढाच नियम. जात वेगळी असली, धर्म वेगळा असला तरी बाधत नाही. उलट जातीबाहेरचे नाते जास्त टिकते असे जुने लोक सांगतात, कारण त्यात वाटणीचा बांध आणि हुंड्याचा हिशेब येत नाही.

या नात्याचे खरे काम मामाच्या जागी पडते. बाळाचे जाऊळ मामाच्या मांडीवर काढायचे असते, आणि बोहल्यावर भाचीला मामाने आणायचे असते. आईला सख्खा भाऊ नसला की मानलेला मामा ही जागा घेतो. धुळ्याला पांझरेकाठी एकवीरादेवीच्या देवळात जाऊळ काढायला कुटुंबे येतात. नाभिक वस्तरा पाण्यात बुडवतो, मूल किंचाळते, आणि मामा दोन्ही गुडघ्यांत त्याला घट्ट धरून ‘झालं, झालं’ म्हणत राहतो. त्यासाठी मामाने नवे कपडे आणायचे, ऐपत असेल तर चांदीचा करदोडा आणायचा. यजमानांनी त्याला टॉवेल-टोपी आणि मामीला लुगडे किंवा खण द्यायचा. एकदा मांडीवर घेतलेला भाचा पुढे त्याच्याच नावाने ओळखला जातो. दहावीला कुठे घालायचे, ट्रॅक्टरचे कर्ज काढायचे की नाही, याबाबत त्याचे मत विचारले जाते. मत मानले जातेच असे नाही; पण विचारले नाही तर रुसवा ठरलेला. बारशाला फुईची, म्हणजे आत्याची, जागा अशीच एखादी मानलेली फुई भरून काढते.

वर्षातला मोठा प्रसंग म्हणजे आखाजी, अर्थात अक्षय्य तृतीया. या सणाला खानदेशात लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. लेकीला आणायला जाणारा मुराळी तिचा भाऊच हवा. सख्खा भाऊ सुरतेला किंवा पुण्याला नोकरीवर असला, तर धर्मभाऊ पिशवी घेऊन एसटीने तिच्या सासरी जातो, आणि सासूही त्याला चहापाणी करून पाठवणी करते. ही पाठवणी म्हणजेच नात्याला मिळालेली मान्यता. सासरचे त्याला ओळखत नसतील तर नाते अजून कच्चे आहे असे समजावे.

आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो. ही पोळी लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत, कोपरापर्यंत झेलत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर एका झेपेत टाकायचा; हात चुकला की पोळी फाटते. हे काम येणाऱ्या बायका आता मोजक्या आहेत. म्हणून घरोब्याच्या दोन-तीन घरांचे पुरण एकाच चुलीवर जाते आणि थोरल्या मावशीला सकाळपासून बोलावणे असते. दोन घरांच्या जुन्या मैत्रीचा खानदेशात वेगळा असा सोहळा नाही. आहे तो हाच, आणि त्यात कोणी भाषण करत नाही.

या नात्याची हद्द श्रावणात कळते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात अनेक कुळांत कानबाई ही देवी बसते. घरातल्या पुरुषमाणसांच्या हिशेबाने गहू काढून प्रसादाचे रोट केले जातात आणि गावोगाव पांगलेली भाऊबंदकी त्यासाठी मूळ गावी जमते. रोटाचा प्रसाद कुळाबाहेर देत नाहीत. तीस वर्षे मुराळी म्हणून गेलेला धर्मभाऊ रात्रीच्या जागरणाला येतो, सोमवारी विसर्जनाला नदीपर्यंत चालतो, पण रोटाच्या पंगतीला बसत नाही. त्याला वेगळे गोडधोड वाढतात. बाहेरच्याला हे खटकते. घरोब्यातल्यांना मात्र त्यात अपमान वाटत नाही, कारण भाऊबंद रोटाला येतो आणि पुढच्याच महिन्यात बांधावरून तहसीलमध्ये अर्ज करतो, हे दोघांनाही ठाऊक असते. दुसरी हद्द लग्नाची. भाऊ-बहीण मानलेल्यांच्या मुलांत सोयरीक सहसा करत नाहीत. एकाच जातीच्या घरांत क्वचित ती होते, आणि मग जुने मित्र व्याही झाल्यावर मोकळेपणा जातो.

मरणाच्या दारी मात्र हद्द उरत नाही. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. पिठले-भाकरी मानलेल्या बहिणीच्या घरून येते. तिला सुतक नसते, तरी ती गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटेपर्यंत, गोड करत नाही.

ख्रिस्ती परंपरेत या नात्याला लिखित नियम आहेत. धर्मपिता आणि धर्मकन्या यांच्या विवाहाला रोमन सम्राट जस्टिनियन याने सहाव्या शतकातच कायद्याने बंदी केली होती. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार बाप्तिस्म्याला एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता, अथवा दोघे मिळून असावेत. त्यांचे वय साधारणपणे सोळा पूर्ण असावे, ते दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेले कॅथलिक असावेत, आणि बाळाचे आईवडील ते नसावेत. विवाहबंदी मात्र या संहितेने काढून टाकली. अँग्लिकन प्रार्थनेच्या १६६२ च्या पुस्तकात मुलासाठी दोन धर्मपिते व एक धर्ममाता, तर मुलीसाठी एक धर्मपिता व दोन धर्ममाता सांगितल्या आहेत.

खानदेशातील कॅथलिक मंडळी १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. बाप्तिस्म्याच्या वेळी मोठ्या पास्खा (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून बाळाची छोटी मेणबत्ती पेटवतात; ती बहुधा धर्मपित्याच्या हाती असते. तान्ह्यांना बाप्तिस्मा न देणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बाळाचा नुसता समर्पणविधी होतो, त्यामुळे तिथे हे पदच नाही. ख्रिस्ती नसलेला जिवलग शेजारी कॅथलिक नियमाने धर्मपिता होऊ शकत नाही. तो मुलाचा मानलेला मामा मात्र खुशाल होतो, आणि चर्चचा धर्मपिता व गल्लीतला मामा असे दोघे एकाच फोटोत उभे राहतात.

घरोब्याच्या नावाखाली सगळेच गोड असते असे नाही. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजी ते आखाजी ठरते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच मळ्यावर राबलेल्या सालदाराला मालकाची मुले ‘काका’ म्हणतात, त्याच्या मुलीच्या लग्नाला मालक भांडीकुंडी देतो. पण काकाच्या घरी मालक जेवायला बसत नाही, तोवर त्याला धर्माचे नाते म्हणणे धाडसाचे आहे. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी आणि बोलावणे दोन्ही दारांतून, हीच इथली कसोटी.

कायद्यात या नात्याला स्थान नाही. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ सारख्या कायद्याखाली विधिवत दत्तक गेलेल्या मुलाला वारसा मिळतो, नुसत्या मानलेल्या मुलाला नाही. मानलेल्या मुलाला द्यायचे असेल तर मृत्युपत्र करावे लागते. धर्मपिताही केवळ त्या नात्याने कायदेशीर पालक ठरत नाही. लग्नपत्रिकेत मात्र मामांच्या रांगेत मानलेल्या मामाचे नाव छापतात, आणि ते सख्ख्यांच्या आधी की नंतर यावर छापखान्यात जाईपर्यंत चर्चा चालते.