गिअर जड झाला म्हणून केबलमध्ये तेल सोडू नका

माउंटन बाईक दुरुस्तीला आणणाऱ्या आमच्या बऱ्याच ग्राहकांची तक्रार एकच असते. शिफ्टरचा, म्हणजे हँडलवरच्या गिअर बदलण्याच्या खटक्याचा, क्लिक वाजतो, पण साखळी मागच्या लहान चक्रावर लगेच उतरत नाही. दोन-चार पायडल मारल्यावर कधीतरी सरकते. तेल सोडल्यावर दोन दिवस बरे चालले आणि आता पहिल्यापेक्षा जड झाले, हेही त्यापाठोपाठ सांगितले जाते. हे माहितीपत्रक त्याच तेलाविषयी आहे.

साखळी मोठ्या चक्रावर चढवताना तुमचा अंगठा केबल ओढतो, त्यामुळे ती थोडी अडकत असली तरी जोर लावून काम भागते. लहान चक्रावर उतरताना मात्र शिफ्टर केबल फक्त सोडून देतो आणि ती मागे ओढून घेण्याचे काम डिरेलरच्या (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगला एकटीला करावे लागते. म्हणून चढताना ठीक आणि उतरताना अडखळते, असे असेल तर बहुतेक वेळा केबल आउटरमध्ये, म्हणजे तिच्यावरच्या नळीसारख्या आवरणात, घासत असते. याउलट चढतानाच अडत असेल, तर केबल सैल पडलेली असते आणि ॲडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करणारा गोल स्क्रू) बाहेरच्या बाजूला अर्धा फेरा फिरवला की बहुधा भागते.

गिअरच्या आउटरमध्ये प्लॅस्टिकचे गुळगुळीत अस्तर असते आणि त्यातून १.२ मिलिमीटर जाडीची वायर सरकते. शिमानो कंपनीच्या एसपी४१ सारख्या आउटरमध्ये तर सिलिकॉन ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. त्यात वरून शिलाई मशीनचे तेल किंवा इंजिन ऑइल सोडले, की सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या किंवा नान्नजच्या कच्च्या वाटांवरची बारीक धूळ त्या तेलाला चिकटते आणि आत काळा राप धरतो. खोबरेल तेल त्याहून वाईट, कारण ते साधारण २४ अंशांखाली थिजू लागते आणि डिसेंबरातल्या सकाळी गिअर जागचा हलत नाही. अशी वायर आम्ही ग्राहकासमोरच बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर पुसतो. डिरेलरजवळच्या शेवटच्या वळणात जो भाग असतो, तिथे सर्वांत जाड काळा पट्टा उमटतो, कारण पाणी आणि चिखल उतरून तिथेच साचतात.

आउटर धुऊन का देत नाही, असे विचारले जाते. तेल आणि धूळ एकदा अस्तरात बसली की ती पूर्ण निघत नाही, महिन्याभरात तीच तक्रार परत येते आणि ग्राहकाला मजुरी दोनदा पडते. त्यामुळे आम्ही वायर आणि आउटर एकत्रच बदलतो, दर आधी सांगतो आणि काढलेला माल दाखवतो. ब्रेकचा आउटर घरात पडून आहे, तोच बसवा, ही विनंतीही आम्ही नाकारतो. तो गुंडाळलेल्या पट्टीचा असल्याने दाबला जातो आणि गिअर नेमक्या जागी बसत नाहीत. गिअरचा आउटर ब्रेकला लावणे तर धोक्याचे आहे, कारण जोरात ब्रेक दाबल्यावर तो फाटू शकतो.

घरी करण्यासारखे एक काम मात्र आम्ही आवर्जून सुचवतो. तुमच्या फ्रेमवर आउटर अडकवण्याच्या खाचा उघड्या असतील, तर मागचे चाक उचलून पायडल फिरवत साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर न्यावी, पायडल थांबवावे आणि चाक न फिरवता शिफ्टरचे सर्व क्लिक सोडावेत. केबल सैल पडते, आउटर खाचांतून सहज निघतो आणि बाजूला सरकवून आतली वायर कोरड्या सुती फडक्याने पुसता येते. पुसताना बोटाला एखादा तुटका तंतू टोचला, तर वायर लगेच बदलून घ्यावी. ती शिफ्टरच्या आत तुटली, तर अडकलेला तुकडा काढण्यातच आमचा वेळ आणि तुमची मजुरी जाते.

काळ्या मातीतून चालवल्यावर गाडी साध्या पाण्याने धुवावी, प्रेशरचा फवारा आउटरच्या टोकांवर धरू नये. नवी केबल बसवल्यावर आउटरची टोके टोपणांत नीट बसेपर्यंत गिअर थोडे सरकतात. त्यासाठी पहिल्या महिन्यातले एक ट्यूनिंग आम्ही मोफत करतो. तोवर डिरेलरवरच्या एच आणि एल या स्क्रूंना हात लावू नये, कारण साखळी आरे किंवा फ्रेमकडे जाऊ नये एवढ्यासाठीच ते असतात आणि केबलचा दोष त्यांनी दूर होत नाही. पावसाळ्यापूर्वी केबल बदलायची असल्यास मे महिन्यातच गाडी आणावी. जूनमध्ये गर्दी वाढते आणि गाडी दोन दिवस ठेवून घ्यावी लागते.