ब्राझीलचे रोजचे जेवण

ब्राझीलमधील जेवणाचा कणा म्हणजे भात आणि राजम्याच्या जातीच्या दाण्यांची दाट आमटी. दाण्यांना आणि आमटीलाही पोर्तुगीजमध्ये ‘फेजाँव’ म्हणतात. परदेशात ब्राझीलचे नाव फेजुआदा हे दाण्या-मांसाचे कालवण आणि शेगडीवर भाजलेल्या मांसासाठी घेतले जाते. पण ते सुट्टीच्या दिवसाचे खाणे. श्रीमंताघरी असो वा मजुराघरी, आठवड्याच्या बहुतेक दुपारी ताटात भात-फेजाँवच असतो. ‘फेजाँवमध्ये पाणी वाढव’ म्हणजे अवचित पाहुणा आला आहे, हे तिथे वेगळे सांगावे लागत नाही.

दाणे रात्री भिजत घालतात आणि सकाळी तमालपत्रासारखे लॉरेलचे पान टाकून प्रेशर कुकरला लावतात. कढईत तेलावर किंवा डुकराच्या चरबीवर लसूण-कांदा परततात, त्यात डावभर शिजलेले दाणे घालून ठेचतात आणि हा गोळा उरलेल्या आमटीत सोडतात. आमटीला दाटपणा येतो तो त्यानेच. प्रकार फोडणीच्या जवळचा असला तरी मोहरी, हिंग, हळद यांचा पत्ता नसतो. भातही लसणावर तांदूळ परतूनच शिजवतात. देशात सर्वाधिक खपतो तो फिकट बदामी, तपकिरी रेघांचा ‘कारियोका’ दाणा. कारियोका म्हणजे रियो द जानेरोचा रहिवासी. गंमत अशी की खुद्द रियोकर काळा दाणा खातात.

सकाळच्या न्याहारीला ‘काफे दा मान्यां’, म्हणजे ‘सकाळची कॉफी’, असेच नाव आहे. कॉफीबरोबर पाव-लोणी असते. दुपारचे जेवण मुख्य. भात, फेजाँव, मांसाचा किंवा माशाचा तुकडा आणि थोडी कोशिंबीर असे वाढून आलेले ताट म्हणजे ‘प्रातू फेयतू’. आपली राइस प्लेटच म्हणा. शहरांत ‘किलोवर’ चालणाऱ्या खानावळी पुष्कळ: हवे ते ताटात घ्यायचे, ताट काट्यावर ठेवायचे आणि वजनाप्रमाणे पैसे द्यायचे. घरून नेलेल्या डब्याला ‘मार्मिता’ म्हणतात. उसाच्या मळ्यांवरील हंगामी मजुरांना तर ‘बॉया-फ्रिया’, म्हणजे ‘थंड जेवण’, हेच नाव पडले, कारण पहाटे भरलेला डबा ते दुपारी गारच खात.

भात-फेजाँवावर भुरभुरले जाते ते कसाव्याचे भरड पीठ. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून मूळ रहिवाशांचे अन्न असलेल्या या कंदाला साओ पावलोत मांजिओका, रियोत आइपीं आणि ईशान्येत माकाशेरा म्हणतात. त्याच्या कडू जातींतून सायनाइड सुटते, म्हणून सारी मेहनत ते काढण्याची. कंद किसून ‘तिपिती’ या वेताच्या लांब, विणलेल्या नळीत भरतात. नळी टांगून खालून ताणली की ती आवळते आणि रस निथळतो. चोथा मोठ्या तव्यावर भाजला की पीठ तयार. ते लोण्यावर परतले की ‘फारोफा’ होतो. रसाच्या तळाशी बसते ते पांढरे सत्त्व. ओलसर सत्त्व चाळून कोरड्या तव्यावर पसरले की मिनिटभरात आपोआप जुळून ‘तापिओका’ नावाची घावनासारखी पोळी तयार होते. उरलेला पिवळा रस उकळून विषमुक्त केला की त्याला ‘तुकुपी’ म्हणतात. आमेझॉनकाठी त्यात बदक शिजवतात. पारा राज्यात कसाव्याची पानेही वाटून, जवळजवळ आठवडाभर उकळून खातात.

याच कंदाच्या सत्त्वापासून तमिळनाडूत सेलमच्या परिसरात साबुदाणा बनतो. एकादशीला चालणारे हे अन्न मूळचे दक्षिण अमेरिकेचे, ही गोष्ट उपवासाच्या यादीत सहसा कोणी शोधत नाही.

फेजुआदा म्हणजे काळे दाणे, खारवलेले मांस, सॉसेज आणि डुकराचे कान, पाय, शेपूट एकत्र शिजवलेले कालवण. सोबत भात, बारीक चिरून परतलेली केल ही पालेभाजी, फारोफा आणि संत्र्याच्या फोडी. मालकांनी टाकलेल्या तुकड्यांतून गुलामांनी हा पदार्थ घडवला, ही कथा लोकप्रिय आहे, पण टिकणारी नाही. डुकराचे कान-पाय पोर्तुगालमध्ये आवडीने खाल्ले जात आणि मांस-कडधान्य एकत्र शिजवण्याची रीतही तिथलीच.

आफ्रिकेचा खरा ठसा पाहायचा तो बाहिया राज्यात. साल्वादोरच्या नाक्यांवर पांढऱ्या घेरदार पोशाखातल्या बायका ‘आकाराजे’ तळतात. चवळी भिजवून, साले काढून कांद्याबरोबर वाटायची, पीठ लाकडी डावाने घोटून हलके करायचे आणि ‘देंदे’ या केशरी पामतेलात वडे सोडायचे. वडा मधोमध चिरून त्यात पाव, सोडे व नारळाच्या दुधाची ‘वातापा’ ही पेज, भेंडीचे ‘कारुरु’ आणि मिरची भरतात. कांदोम्ब्ले या आफ्रो-ब्राझिलियन धर्मात हा यांसां देवीचा नैवेद्य. या बायकांच्या व्यवसायाला 2005 मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा मिळाला.

‘मोकेका’ या माशांच्या कालवणावरून बाहिया आणि एस्पिरितु सांतु या दोन राज्यांचे भांडण जुने आहे. बाहियाच्या मोकेकात देंदे आणि नारळाचे दूध असते; एस्पिरितु सांतुवाल्यांना ते मान्य नाही. मोकेका आमचाच, बाकी सगळे नुसते माशाचे कालवण, असे ते म्हणतात. त्यांचा मोकेका शिजतो त्यांच्याच राज्यातल्या गोयाबेइरास येथे घडवलेल्या काळ्या रंगाच्या, मातीच्या भांड्यात.

मिनास जेराइस राज्याची ओळख म्हणजे चीज, आणि कसाव्याच्या सत्त्वात चीज मळून भाजलेले ‘पाँव दि केजू’ हे गोळे. (आपला ‘पाव’ याच शब्दातून आला.) गोयास राज्यात भातात पिवळे ‘पेकी’ फळ घालतात. ते हातात धरून दातांनी अलगद खरवडायचे, चावायचे मात्र नाही. बाठ्यात बारीक काटे असतात आणि ते जिभेत रुततात. दक्षिणेत जाड्या मिठाचे भाजलेले मांस, साओ पावलोत इटालियन आणि लेबनानी पदार्थांची रेलचेल. आसाई या जांभळ्या ताडफळाचा गोड, गार लगदा ही शहरी फॅशन; पारात आसाई तळलेल्या माशासोबत, कसाव्याचे पीठ घालून खातात.

2014 च्या सरकारी आहार मार्गदर्शिकेने कॅलरींच्या तक्त्यांपेक्षा घरच्या ताज्या स्वयंपाकावर भर दिला आणि कारखान्यात बनलेले अतिप्रक्रियायुक्त खाणे टाळा, असे स्पष्ट सांगितले. त्याआधी 2009 च्या कायद्याने शालेय भोजनाच्या केंद्रीय निधीपैकी किमान 30 टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी राखून ठेवली होती.

पोर्तुगीज जहाजांतून काजू ब्राझीलहून गोव्यात आला, तसे आंबा आणि फणस भारतातून तिकडे गेले. रियोतील तिजुकाच्या जंगलात फणस इतका माजला आहे की देशी झाडांना तो जड जातो. कोंबडीचे सारण भरून तळलेला ‘कोशिन्या’ तिथला लाडका नाश्ता. मांस न खाणारे आता त्यात कच्च्या फणसाचा शिजवलेला चुरा भरतात.